कामासाठी आलेल्या पाहुण्याला सांगली दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कामासाठी सांगली-मिरजेत येणाऱ्या माणसाला आपण गाव दाखवत नाही, त्याबद्दल हे पत्र आहे. हळद-बेदाण्याचे परगावचे खरेदीदार, कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत मशीन बसवायला किंवा ऑडिटला आलेले इंजिनिअर, औषध कंपन्यांची माणसे, बँकांचे तपासनीस असे पाहुणे बारा महिने येत असतात. त्यांच्या वाट्याला लॉजची खोली, मीटिंगचे टेबल आणि गाडीची काच एवढेच येते. मोकळे दोन तास मिळाले आणि पाहुण्याने विचारलेच, तर यजमान हमखास सांगतो, "इथे काही नाही हो. पुढच्या वेळी एक दिवस जास्त काढून या, पन्हाळ्याला जाऊ." ती पुढची वेळ येत नाही.

पन्हाळ्याला सांगलीहून जाऊन-येऊनच चार तास लागतात. धावपळीच्या दौऱ्यावर आलेल्या माणसाकडे सलग चार तास नसतात, आणि असलेच तर ते गाडीत घालवण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे वेळेचे तुकडे असतात. त्या तुकड्यांत बसेल असे पाहण्यासारखे सांगलीत पुष्कळ आहे, आणि ते बहुतेक कामाच्या वाटेवरच आहे. हळदीचा सौदा, बेदाण्याची पेटी, मिरजेचा तंबोरा ही इथल्या माणसांची रोजची कामे आहेत. परगावच्या माणसाला तीच दाखवावीत, असे आमचे म्हणणे आहे.

तुकडे तीन. पहिला सकाळी सहा ते साडेआठ. कचेऱ्या आणि कारखान्यांतली मोठी माणसे दहाच्या आत भेटत नाहीत, त्यामुळे हे अडीच तास हक्काचे. दुसरा संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. हा तुकडा जेवणाच्या आमंत्रणांत जातो. यजमानाने जेवण नऊला ठेवले तर तोही पाहुण्याच्या हाती राहतो. तिसरा परतीच्या गाडीआधीचा, दोन ते चार तासांचा. बॅग हातात असल्यामुळे तो सगळ्यात जास्त वाया जातो. एका तुकड्यात एकच दिशा धरावी आणि एका बाजूचा प्रवास अर्ध्या तासापेक्षा जास्त नसावा. सकाळी हरिपूर आणि त्याच सकाळी मिरज असे करू गेले की दोन्हीकडे फक्त चपला काढणे-घालणे होते. चपलांवरून आठवले, पाहुण्याला बिनलेसचे बूट घालायला सांगावे. देऊळ, दर्गा, तंबोऱ्याचे कारखाने, सगळीकडे पायताण बाहेर काढावे लागते आणि लेसच्या बुटांत दरवेळी पाच मिनिटे जातात.

सकाळचा तुकडा नदीला द्यावा. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेहून वेगळे होऊन सांगलीला राजधानी केली आणि कृष्णेच्या काठी काळ्या दगडाचे गणपती मंदिर उभारले. मंदिर सकाळी लवकर उघडते. सहा-सव्वासहाला पोहोचले तर रांग नसते आणि सभामंडप निवांत पाहता येतो. तिथून आयर्विन पूल चालत पाच-दहा मिनिटांवर. १९२९ साली झालेल्या या पुलावर सातच्या आत जावे, नंतर वाहने वाढतात. पुलावरून उगवतीकडे गावाचे घाट दिसतात. कृष्णाकाठी वसंतदादांची समाधी आहे, तीही याच फेरीत होते. एवढ्याला सव्वा तास पुरतो.

उरलेला तासभर हरिपूरला. शहरापासून चारेक किलोमीटर, रिक्षाने दहा-बारा मिनिटे. रिक्षा जाता-येता ठरवावी आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्यावेत, कारण तिथून सकाळच्या वेळी परतीची रिक्षा मिळेलच असे नाही. रस्त्याला जुनी झाडे आहेत, शेवटी संगमेश्वराचे देऊळ आणि खाली कृष्णा-वारणेचा संगम. दोन पाण्यांचा रंग वेगळा दिसतो तो पावसाळ्याच्या सुरुवातीला, एरवी तसे काही दिसेल असे पाहुण्याला सांगून ठेवू नये. श्रावणी सोमवारी मात्र पाहुण्याला इकडे आणू नये, यात्रेच्या गर्दीत गाडी अडकली की दहाची मीटिंग गेलीच. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म याच हरिपूरचा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात मराठी नाटकाची सुरुवात केली, हे माहीत असलेल्या पाहुण्याला हरिपूर आवर्जून दाखवावे.

हरिपूरची खरी गोष्ट जमिनीखाली आहे. इथली माती घट्ट, तिला सहसा ओल फुटत नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या हळद साठवायला इथे पेवे खणली गेली. पेवाचे तोंड माणूस उतरेल एवढेच, आत वीस-पंचवीस फूट खोल आणि खाली रुंद होत गेलेली पोकळी. तळाला आणि कडेला पाला व चटया लावायच्या, हळद ओतायची, वरून पाला घालून मातीने तोंड लिंपून टाकायचे. आतली हवा कोंडून तिच्यातला प्राणवायू संपला की किडा जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. त्याच कारणाने पेव उघडणे जोखमीचे असे. तोंड उघडून कित्येक तास तसेच ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर खाली उतरायचे नाही. कंदील तेवत राहिला तरच हमाल उतरत. एकेका पेवात कित्येक टन माल मावे, आणि पेवातल्या मालावर व्यापारी कर्जही उचलत. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, हळद कुजली, आणि त्यानंतर व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. आता पेवांचा वापर जवळपास संपला आहे. उरलेली पेवे खासगी जागेत आहेत. म्हणून ओळखीच्या माणसाला बरोबर घ्यावे, विचारल्याशिवाय आत शिरू नये, आणि झाकण सैल असलेल्या पेवाच्या तोंडाशी फोटोसाठी उभे राहू नये. शीतगृहाचे काम करणाऱ्या एखाद्या इंजिनिअरला हे दाखवले तर तो मीटिंग विसरेल. यजमानाने घड्याळ बघावे, साडेआठला परत निघावे.

बाजार समितीतला सौदा पाहायचा तर त्याची गाठ कामाशीच घालावी लागते, कारण सौदे ऐन कामाच्या वेळेत होतात. नव्या हळदीची आवक साधारण जानेवारीअखेर सुरू होते, फेब्रुवारी ते मे हा भर. कोणत्या वारी आणि किती वाजता हळदीचे सौदे आहेत ते आदल्या संध्याकाळी अडत्याला, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्याला, विचारावे. सुट्टी, हमालांचा बंद, आवक कमी असणे यांपैकी काहीही असू शकते, आणि पाहुण्याला घेऊन रिकाम्या यार्डात जाणे बरे दिसत नाही. सौदा समजायला एक अडत दुकान पुरे, दहा दुकाने हिंडू नये. दुकानापुढे शेतकऱ्यांच्या मालाचे ढीग असतात, पोत्यांची तोंडे उघडलेली. खरेदीदार मूठभर हळकुंडे उचलतो, एक मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो, पुढे सरकतो. दर क्विंटलचा पुकारला जातो आणि एका ढिगावर मिनिटभरही जात नाही. हळकुंड आणि गड्डा (मधला गोल कंद) वेगळे विकले जातात, दरही वेगळा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण या बाजारात सातारा, कर्नाटक, तेलंगणाकडचाही माल येतो, तेव्हा "हे सगळे सांगलीचेच" असे पाहुण्याला सांगू नये. खरेदीदार असेल तर तो हसेल.

इथे काय बिघडते ते सांगतो. पांढरा शर्ट घालून यार्डात गेलेला माणूस पिवळा होऊन बाहेर येतो. हळदीची धूळ बारीक असते, पोते आपटले की उडते. मग तो लॉजवर जाऊन साबणाने डाग घासतो आणि डाग लाल होतो, कारण हळदीचा रंग क्षारात लाल पडतो. घाबरू नये. कपडा आधी झटकावा, साध्या पाण्याने खळबळावा आणि कडक उन्हात वाळत टाकावा. हळदीचा रंग उन्हात उडतो, उरलेला डाग दोन-तीन उन्हांत जातो. त्याच दिवशी पुढे मीटिंग असेल तर गडद रंगाचा शर्ट घालूनच यार्डात जावे. तोंडाला रुमाल असावा, दम्याच्या माणसाने आत जाऊच नये. हमालाच्या वाटेत उभे राहू नये. पाठीवर पोते घेतलेल्या माणसाला थांबता येत नाही, वळताही येत नाही. शेतकऱ्याच्या मालाचा फोटो काढताना त्याला विचारावे, आणि दर चालू असताना मध्ये बोलू नये.

बेदाण्याचे सौदे ठराविक वारी सांगलीत आणि तासगावला होतात, तिथे धूळ नसते. पेट्या पंधरा किलोच्या, नमुने समोर मांडलेले. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, घड द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर दोन आठवड्यांच्या आसपास वाळवतात. पिवळ्याधमक मालाला गंधकाची धुरी दिलेली असते, ती वासावरून कळते. एवढे सांगितले तरी पाहुण्याला पुढच्या पाच मिनिटांत नमुने वाचता येऊ लागतात.

दुपारचे एक ते चार काहीही योजू नये. मार्च ते मे या काळात तर नाहीच, ऊन चाळीस अंशांच्या घरात जाते, देवळाची फरशी पाय भाजते आणि दुपारच्या मीटिंगला माणूस घामाने थबथबलेला पोहोचतो.

संध्याकाळ मिरजेला द्यावी. सांगली-मिरज अंतर दहा किलोमीटर. विश्रामबागहून सकाळी पंधरा-वीस मिनिटांत होते, संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान तीस-पस्तीस मिनिटे धरावीत. कुपवाड एमआयडीसीतून सुटलेल्या पाहुण्याने सांगलीत लॉजवर जाऊन, तोंड धुऊन मग मिरजेला येण्यात संध्याकाळ संपते. त्याने कारखान्यातूनच थेट मिरजेला यावे. साडेपाचला निघाले तर सहाच्या सुमारास तो ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्यात असतो. डोके झाकायला रुमाल खिशात ठेवावा. गुरुवारी गर्दी असते, दर्शनाला वेळ जातो. थोर गवई उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर याच आवारात आहे. ते १९३७ साली गेले, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ इथे चिंचेच्या झाडाखाली गवई हजेरी लावतात. गाण्याची आवड असलेल्या पाहुण्याला आधी इथे आणावे, मग सतारमेकर गल्लीत. तंबोरा ज्यांच्यासाठी वाजला त्या खाँसाहेबांपाशी पाहुणा दर्ग्यात येतो, आणि गल्लीत तंबोरा कसा होतो ते पाहतो.

मिरजेत वाद्ये करणारी शिकलगार घराणी आहेत. शस्त्रांना धार लावणे, ती घडवणे हा त्यांचा मूळ धंदा. संस्थानी फौजा गेल्यावर शस्त्रांची गरज उरली नाही, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कारखाने छोटे आहेत, घराच्या पुढच्या खोलीत किंवा माडीवर. लाकडाचा भुसा, लाखेचा वास, भिंतीला टांगलेले भोपळे. पाच-सहा माणसांचा घोळका आत मावत नाही, दोघे-तिघे जावे. आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्यावी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत जाऊ नये. दिवेलागणीनंतर कारागीर हत्यारे आवरतात, म्हणून साडेसहाच्या आत पोहोचावे. फक्त दुकान पाहायचे असेल तर आठपर्यंतही चालते, पण दुकानात वाद्य तयार झालेले दिसते, काम दिसत नाही.

पाहायचे काय, ते आधी ठाऊक असेल तर अर्धा तास पुरतो. भोपळा हा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येणारा कडू भोपळा. तो महिनोन्‌महिने वाळवतात, वरचा भाग कापून बिया काढतात, भिजवून तोंड हवे तेवढे ताणतात आणि पुन्हा वाळवतात. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली, म्हणजे वरची पातळ फळी, बसते, वर गळा, मग पोकळ दांडी. गळ्याचा सांधा हा नाजूक भाग, वाद्य पडले की आधी तिथे तडकते. खुंट्या, मनके, नक्षी, पॉलिश हे डोळ्यांना दिसणारे काम. जवारी, म्हणजे तारेला गुंजन आणणे, हे कानाचे काम, आणि पाहुण्याने पाहायचे ते हेच. तबलीवर तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानशीने आणि पॉलिश पेपरने इतका बेताने घासतात की तार तिच्यावर टेकता टेकता सुटते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढेमागे झाला की आधी बद्द वाटणारी तार एकदम बोलू लागते, षड्जातून गंधार ऐकू येतो. कारागिराला विनंती केली तर तो दोरा काढून आणि घालून फरक ऐकवतो. त्या वेळी बोलू नये, मोबाइल बंद ठेवावा. गाण्यातले काही कळत नसलेल्या माणसालाही हा फरक कळतो. जवारी खुली हवी की बंद, हे गाणाऱ्याच्या पसंतीवर असते, म्हणून कुणासाठी भेट म्हणून तंबोरा घेत असाल तर त्या गायकाचा सूर कोणता, हे विचारूनच यावे. पुरुषाच्या आणि बाईच्या तंबोऱ्याची लांबी आणि तारा वेगळ्या असतात. पुरुषाचा साधारण पाच फुटांचा, बाईचा त्याहून लहान.

तंबोरा हातात घेऊन रेल्वेने जाऊ, विमानात वर ठेवू, असे मनात आणू नये. बर्थखाली तो मावत नाही, वर ठेवला की खुंटीला धक्का बसतो. ऑर्डर द्यावी आणि लाकडी पेटीत पॅक करून पाठवायला सांगावे, तारा सैल करून पाठवतात ना तेही विचारावे. ताणलेल्या तारांनी प्रवासात घोडी सरकते, गळ्यावर ताण येतो. घाईत घासाघीस करू नये. अर्ध्या तासाच्या पाहुण्याने किंमत निम्म्यावर आणायचा प्रयत्न केला की कारागीर गप्प होतो, आणि पुढे काही सांगत नाही. काही घ्यायचे नसेल तर तसे आल्याबरोबर सांगावे, बहुतेक जण तरीही काम दाखवतात.

परतीची गाडी मिरजेहून असेल तर हीच फेरी गाडीआधीच्या तुकड्यात बसवता येते, स्टेशनपासून दर्गा रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. मात्र तिकीट नीट वाचावे. बाहेरच्या माणसाला सांगली आणि मिरज ही दोन स्टेशने एकच वाटतात. काही गाड्या मिरजेलाच थांबतात, आणि गणपती पेठेतल्या लॉजवरून संध्याकाळी मिरज स्टेशन गाठायला पाऊण तास हातात ठेवावा लागतो. बॅगेचे आधीच ठरवावे. बहुतेक लॉजचा चेकआउट दुपारी बाराला असतो, खोली सोडताना बॅग काउंटरवर ठेवून चिठ्ठी घ्यावी. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि तिकीट दाखवावे लागते, म्हणून छोटे कुलूप जवळ असावे. बॅग कारखान्याच्या सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवू नये. शिफ्ट बदलली की चावी कुणाकडे आहे ते कळत नाही आणि गाडी निघून जाते.

काम लवकर आटोपून अर्धा दिवस मोकळा झाला तर नृसिंहवाडी आणि खिद्रापूर. सांगलीहून वाडी बावीसेक किलोमीटर, तिथून कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर आणखी अठरा-वीस. स्वतःची गाडी हवी. वडापने (शेअर जीपने) वाडीपर्यंत जाता येते, खिद्रापूरला वेळ सांभाळता येत नाही. पाहून परत यायला साडेचार तास धरावेत. खिद्रापूरला सूर्य वर असताना, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान पोहोचावे, कारण कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचे छत मध्ये गोल उघडे आहे आणि उन्हाचा कवडसा खालच्या गोल शिळेच्या आसपास तेव्हाच उतरतो. त्या शिळेभोवती खांबांचे वर्तुळ आहे, प्रत्येक खांब खालून वर चौकोनी, अष्टकोनी, गोल असा बदलत जातो. देवळासमोर नंदी नाही, हेही पाहुण्याला दाखवावे. आधी खिद्रापूर करावे, परतताना वाडी, म्हणजे बासुंदी-पेढे गाडीत तापत नाहीत. तासगावचा गणपती आणि त्याचे सातमजली गोपुर हा दुसरा पर्याय, बेदाण्याच्या खरेदीदाराला तो कामाच्या दिवशीच जमतो. परशुरामभाऊ पटवर्धन दक्षिणेतल्या मोहिमांत गोपुरे पाहून आले, त्याची ही खूण. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथे रथोत्सव असतो, त्या दिवशी गाडी गावाबाहेरच लावावी लागते.

पावसाळ्यात सगळे गणित बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या पाहुण्याने निघण्याआधी आयर्विन पुलाची पाणीपातळी विचारावी. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्न फुटांच्या पुढे गेली होती. पातळी तिशीत असताना कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली, तर वाडी, खिद्रापूर आणि हरिपूरचा घाट या तिन्हींवर काट मारावी, मिरज ठेवावी. पुराचे पाणी बघायला पाहुण्याला घाटावर नेण्याची आपल्याकडे जी हौस आहे, ती सोडावी. घाटाच्या पायऱ्यांवर गाळ असतो आणि बाहेरच्या माणसाला पाण्याखालची पायरी कळत नाही. अनंत चतुर्दशीला आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी मिरजेत कामाची भेट ठरवूच नये. स्वागत कमानींमधून विसर्जन मिरवणूक चालू असते, रस्ते बंद असतात. गणपती पाहायलाच कुणी येत असेल तर सांगलीच्या संस्थान गणपतीचे पाचव्या दिवशीचे विसर्जन गाठावे.

नेण्यासारखे काय, असे सगळेच विचारतात. पावडरपेक्षा अख्खे हळकुंड घ्यावे. मोडल्यावर कट्ट आवाज यावा आणि आतून गडद केशरी दिसावे. वाकले तर ओल आहे. दळायला घरचा मिक्सर काढू नये, भांडे कायमचे पिवळे होते आणि पाते बोथट होते, मसाला कांडप गिरणीत द्यावे. बेदाणा मुठीत दाबून सोडावा, दाणे सुटे झाले तर चांगला, गोळा राहिला तर ओला. आणि भडंग, म्हणजे मसाल्याचे चिरमुरे. वजनाला हलके, पण जागा खाते, म्हणून बॅग भरून झाल्यावर घेऊ नये. पाकीट फोडले की हवाबंद डब्यात घालावे, नाहीतर चिरमुरे दुसऱ्या दिवशी चिवट होतात.

यातले बरेचसे यजमानाच्या हातात आहे. खरेदीदाराला रात्री सौद्याची वेळ कळवणे, कारखान्याच्या गाडीने परस्पर मिरजेला सोडणे, जेवण तासभर उशिरा ठेवणे, एवढ्याने काम होते. लॉजवाल्यांनी सकाळी सहाला चहा आणि साडेआठला नाश्ता ठेवावा. साडेसातला नाश्ता सुरू होऊन नऊला संपतो, तिथेच पाहुण्याची सकाळ मोडते. चेकआउटनंतर बॅग ठेवून घेण्याची पाटी काउंटरवर लावावी.

काही गोष्टी मात्र संस्थांनीच करायला हव्यात. बाजार समितीने सौद्यांचे वार आणि वेळा ठळक फलकावर आणि फोनवर उपलब्ध कराव्यात. एखाद्या सौदा शेडमध्ये पाहणाऱ्यांसाठी कठड्यामागे चार-पाच माणसे उभी राहतील एवढी जागा आखून द्यावी, म्हणजे हमालांनाही अडथळा होणार नाही. महापालिकेने मिरज स्टेशनपासून दर्गा आणि सतारमेकर गल्लीपर्यंत दिशादर्शक पाट्या लावाव्यात, त्यांवर चालत किती मिनिटे तेही लिहावे. सांगलीच्या बसस्थानकावर पावती देणारे सामानघर असावे. आणि हरिपूरचे एक तरी पेव मालकाच्या संमतीने राखावे. तोंडाला लोखंडी जाळी, भोवती कठडा, आत सोडता येईल असा दिवा, आणि पेव कसे भरत, कसे उघडत, कंदील का सोडत, हे सांगणारा मराठी, हिंदी आणि कानडी फलक. बाजार समिती आणि हरिपूर ग्रामपंचायत यांनी मिळून ठरवले तर हे फार खर्चाचे काम नाही. पेवे भरलेली आणि त्यांत उतरलेली माणसे आता थकत चालली आहेत, फलकावरचा मजकूर त्यांच्याकडून लिहून घ्यायचा तर येत्या हळदीच्या हंगामाआधीच घ्यावा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली